मला विचारून केलंस का?

एका आईचं पत्र आहे. मुलगा सोळा वर्षांचा, दोन वर्षांवर प्रवेशपरीक्षा. एका सकाळी त्याच्या कपाळावर दोन गोल लालसर डाग दिसले. आठवड्याभरात पुन्हा दिसले तेव्हा आईनं विचारलं. मित्राकडून आणलेला, डोक्याला बांधायचा एक पट्टा तो अभ्यासाच्या वेळी लावत होता. पट्टा बॅटरीवर चालतो आणि ओल्या स्पंजच्या पॅडमधून डोक्यात सौम्य वीजप्रवाह सोडतो. लक्ष लागतं, गणितं भराभर सुटतात, असं मुलाचं म्हणणं. वडील भडकले. निसर्गानं दिलेल्या मेंदूत ढवळाढवळ करायची नाही, मेहनत कर, असं त्यांनी बजावलं. त्यावर मुलगा आईकडे वळून म्हणाला, "चार वर्षांचा असताना माझ्या मेंदूचं तू जे केलंस, ते मला विचारून केलंस का?"

रोख बुद्धिबळाकडे होता. पहिल्या काही वर्षांत मेंदू सगळ्यात जास्त घडतो असं वाचून आईनं त्याला चौथ्या वर्षी बुद्धिबळाला बसवलं. रोजचा सराव, प्रशिक्षक, सुट्टीच्या दिवशी स्पर्धा. अकराव्या वर्षी तो कंटाळला, तेव्हा "थोडं रेटलं", असं त्या लिहितात. तेराव्या वर्षी त्यानं खेळ सोडला. त्या विचारतात, "शिकवणं आणि यंत्र लावणं यांत नैतिक फरक आहे का? असेल तर त्याला काय सांगू? आणि तो पट्टा काढून घ्यायचा मला हक्क आहे का?"

नमस्कार ताई,

आधी तातडीचं सांगते. पट्टा सध्या बंद व्हायला हवा. त्याबरोबर मुलाकडून काही गोष्टी नीट कळायला हव्यात: किती वेळा लावला, एका वेळी किती मिनिटं, प्रवाह किती ठेवला, पॅड डोक्यावर कुठे लावले. लाली काही तासांत जात असेल तर घाबरू नका, पॅडखालची त्वचा तशी लाल होतेच. फोड आला असेल, कातडी भाजल्यासारखी दिसत असेल, डोकेदुखी रेंगाळत असेल, झोप उडाली असेल किंवा स्वभावात एकदम फरक जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि पट्ट्याचं त्यांच्यापासून लपवू नका. त्याला पूर्वी कधी फिट आली असेल किंवा मेंदूवर परिणाम करणारं एखादं औषध चालू असेल, तर यातलं काहीही दिसत नसलं तरी डॉक्टरांशी बोला. आणि हे सगळं विचारताना सूर उलटतपासणीचा नको. चोरी पकडल्यासारखं विचारलंत, तर पुढच्या वेळी पॅड कपाळाऐवजी केसांत जातील आणि तुम्हाला डागही दिसणार नाहीत.

आता त्याचा प्रश्न. रागात विचारला असला तरी प्रश्न खरा आहे, आणि "मोठ्यांशी असं बोलायचं नाही" म्हणून तो मिटणार नाही.

तुमच्या पत्रात आणि तुमच्या यजमानांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शिकवण्यानं मुलाला ज्ञान मिळतं, यंत्रानं मेंदू बदलतो. मेंदूच्या बाजूनं पाहिलं तर ही वाटणी टिकत नाही. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. त्यात सहसा तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि जागा-रस्ते लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आहे आणि पुढचा हिस्सा लहान. मुळातच तसा मेंदू असलेली माणसं या धंद्यात येत असतील, अशी शंका त्यावर घेता येत होती. म्हणून पुढे ७९ उमेदवारांना प्रशिक्षणाच्या आधी तपासलं, आणि त्यांतले जे परत आले त्यांना नंतरही. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. ३९ जण पास झाले होते, आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग फक्त त्यांच्यातच वाढलेला होता. पण हेच पास झालेले लोक एका चाचणीत इतरांच्या मागे पडले: गुंतागुंतीची आकृती पाहून, काही वेळानं ती आठवून काढायची. फक्त पुस्तकं, नकाशे आणि रस्त्यावरची घोकंपट्टी, यंत्र कुठेच नाही, तरी मेंदू बदलला आणि त्याची किंमतही पडली.

वाचनाचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. लिपीला पाच-साडेपाच हजार वर्षं झाली असतील. उत्क्रांतीनं मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा राखून ठेवावी एवढा तो काळ नाही. तरीही वाचायला शिकलेल्या प्रत्येकाच्या मेंदूत, सहसा डाव्या बाजूला, आकृत्या ओळखणाऱ्या भागात अक्षरांसाठी एक जागा तयार होते. मोठेपणी अक्षरओळख झालेल्यांतही ती तयार होते. ही जागा चेहरे ओळखणाऱ्या भागाच्या वाट्यातून येते का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण मूल पाच-सहा वर्षांचं झालं की आपण हा बदल त्याला न विचारता घडवतो, आणि नाही घडवला तर आपल्याला निष्काळजी म्हणतात.

तेव्हा "आम्ही तुझ्या मेंदूला हातच लावला नाही" हे उत्तर त्याला देऊ नका. त्याला ते पटणार नाही आणि ते खरंही नाही.

बुद्धिबळाबद्दल आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला त्या वेळी कुणी सांगितली नसेल. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पट्टीच्या आणि नवशिक्या खेळाडूंना खऱ्या डावातला पट फक्त ५ सेकंद दाखवला आणि सोंगट्या पुन्हा मांडायला सांगितलं. नवशिक्यांच्या चार-पाच सोंगट्या जागेवर पडल्या, तरबेज खेळाडूनं त्यांच्या कितीतरी पट मांडल्या. मग त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून दाखवल्या आणि त्याची आघाडी जवळजवळ पुसली गेली. वाढलेली होती ती बुद्धिबळातल्या रचना ओळखण्याची ताकद. सर्वसाधारण स्मरणशक्ती होती तेवढीच होती. "मेंदू तल्लख करणाऱ्या" खेळांचंही हेच आहे. ज्याचा सराव केला ते सुधारतं, जवळपासचं थोडंफार सुधारतं, लांबचं सहसा सुधारत नाही. मेंदूच्या व्यायामाचं एक प्रसिद्ध अॅप विकणाऱ्या कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते. मूल खेळात रमत असेल तर बुद्धिबळ शिकवण्यात वाईट काहीच नाही. पण "मेंदू घडतोय" या आशेवर रमलेलं नसतानाही चालू ठेवलं असेल, तर त्या आशेचा पाया कच्चा होता.

मग फरक काहीच नाही? आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तो नैसर्गिक-कृत्रिम असा मात्र नाही.

शिकताना मूल आतून सहभागी असावं लागतं. कंटाळा येतो, डोकं दुखतं, लक्ष उडतं, चूक होते, मूल पट उधळून टाकतं. हे सगळे लगाम आहेत. बदल हळू होतो, आणि ज्याच्यात होतो त्याला तो होताना जाणवतो, म्हणून त्याला विरोधही करता येतो. सराव थांबवला की यातलं बरंच ओसरतंही. तीन चेंडू हवेत झेलायला शिकलेल्या लोकांच्या मेंदूत तीन महिन्यांत वाढ दिसली होती आणि सराव सोडल्यावर ती कमी झाली, असं २००४ साली एका जर्मन गटानं दाखवलं. विजेच्या प्रवाहाला यातला कुठलाच लगाम नाही. मुलगा कंटाळला म्हणून पट्टा थांबत नाही, आणि काय बदलतंय हे त्याला आतून कळत नाही. "लक्ष लागतं" हे त्याला वाटतं. ते पट्ट्यामुळे, की पट्टा लावल्यावर तो फोन बाजूला ठेवून बसतो म्हणून, हे त्याला एकट्याला ठरवता येणार नाही.

दुसरा मुद्दा किमतीचा. तेरेसा युकुलानो आणि रॉय कोहेन कदोश यांचा २०१३ सालचा प्रयोग मुलाला जरूर सांगा, त्याचा विषय गणितच आहे. प्रौढ माणसांना अंकांसाठी नवीन चिन्हं शिकवली आणि शिकताना डोक्यातून सौम्य प्रवाह सोडला. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागावर प्रवाह सोडला तेव्हा चिन्हं लवकर शिकून झाली. पण शिकलेलं आपोआप, विचार न करता वापरता येण्याची क्षमता घटली. पॅड पुढच्या भागावर लावले तर उलटं झालं: शिकणं मंदावलं आणि आपोआप वापरणं सुधारलं. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. हे प्रयोगशाळेत, जागा मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तुमच्या मुलानं पॅड कुठे लावले? मित्रानं सांगितलं तिथे. परीक्षेत नेमकं काय लागतं, नवीन लवकर शिकणं की शिकलेलं झटकन आठवणं, हे त्यानंच तुम्हाला सांगू दे.

२०१६ साली मेंदूशास्त्रज्ञांनी घरी असे पट्टे वापरणाऱ्यांसाठी एक जाहीर पत्र लिहिलं. मला ते आवडलं, कारण त्यात दटावणं नव्हतं. प्रवाह पॅडच्या खालीच राहत नाही, आजूबाजूच्या भागांतही पसरतो. त्या वेळी तुम्ही काय करत आहात यावर परिणाम बदलतो. एकाला उपयोग होतो तिथे दुसऱ्याला अपाय होऊ शकतो. बदल किती टिकतील ते माहीत नाही. आजारी माणसानं उपचार म्हणून जो धोका पत्करावा, तो निरोगी माणसानं पत्करावाच असं नाही. हे बहुतेक ज्ञान प्रौढांवरच्या प्रयोगांतून आलंय. तुमच्या मुलाचा मेंदू, विशेषतः विचार करून निर्णय घेणारा पुढचा भाग, विशीच्या मध्यापर्यंत घडत राहणार आहे. म्हणून "आत्ता नको" या माझ्या मतात मला संकोच वाटत नाही. मुलं अभ्यासासाठी एकमेकांकडून घेतात त्या एकाग्रतेच्या गोळ्यांबद्दलही मत तेच. २०२३ साली ४० निरोगी तरुणांना अशी तीन औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. त्यांनी जोर जास्त लावला, वेळ जास्त घेतला, आणि त्या कष्टांची गुणवत्ता घसरली. ज्यांना डॉक्टरांनी तपासून ही औषधं दिली आहेत त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांनी हे वाचून ती बंद करू नयेत.

तिसरा मुद्दा तुमच्याशी निगडित आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

अकराव्या वर्षी "थोडं रेटलं" एवढं एकच वाक्य लिहून तुम्ही पुढे गेला आहात. पट्ट्याचं वर्णन पानभर आहे. मला वाटतं मुलाची तक्रार त्या एका वाक्यात आहे. चौथ्या वर्षी विचारलं नाही हा त्याचा शब्दशः प्रश्न, पण चार वर्षांच्या मुलाला विचारून काही ठरवता येत नाही हे त्यालाही कळतं. तेव्हा आई-वडिलांनाच ठरवावं लागतं, आणि काहीच न ठरवणं हेही ठरवणंच असतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवायचं का, हा निर्णय बाळ मोठं होईपर्यंत थांबवला तर बोली भाषेचे आवाज मेंदूत नीट बसण्याचा काळ निघून जातो. त्या निर्णयाबद्दलही कर्णबधिर समाजात तीव्र मतं आहेत: खाणाखुणांची भाषा आणि तिच्याभोवतीचं जग मुलाकडून परस्पर काढून घेतलं जातं, असं अनेकांना वाटतं. तिथेही कुणाला सोपं उत्तर मिळालेलं नाही. पण अकरा वर्षांचं मूल बोलू शकतं. तो "नको" म्हणाला होता आणि ते ऐकलं गेलं नाही. लहान मुलासाठी आपण निर्णय घेतो ते त्याच्या वतीनं घेतलेले असतात; ते त्याला जसजसे पेलतील तसतसे त्याच्या हाती द्यायचे असतात. तुमच्याकडून ते द्यायला उशीर झाला, एवढंच. त्यामागे माया होती हे मला पत्रात दिसतं. पण माया होती म्हणून त्याची दोन वर्षं परत येत नाहीत.

म्हणून त्याच्याशी बोलताना सुरुवात तिथून करा. "चौथ्या वर्षी मी ठरवलं, ते मला तेव्हा योग्य वाटलं होतं. अकराव्या वर्षी तू नको म्हणालास तेव्हा मी थांबायला हवं होतं. ते चुकलं." मग गप्प बसा. लगेच "पण" म्हणून पट्ट्याकडे वळू नका. पट्ट्याचं दुसऱ्या दिवशी बोलता येईल. "पण"साठी केलेली कबुली मुलांना बरोबर ओळखू येते.

दुसऱ्या दिवशी त्याला एक विचारा: पट्टा हवासा कशामुळे वाटला? माझा अंदाज असा, की वर्गातल्या आणखी कुणीतरी लावला म्हणून. एकानं लावला की दुसऱ्याला मागे पडण्याची भीती, मग तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी लावल्यावर कुणीच पुढे नाही, धोका मात्र प्रत्येकाच्या डोक्यावर. अशा ठिकाणी "माझा मेंदू, माझी मर्जी" हे म्हणणंही पुरतं मोकळं राहत नाही. त्याची मर्जी आणि त्याची भीती वेगळी करायला त्याला मदत करा. आणि त्याच्या मनात असंही असू शकतं, की आहे त्या मेंदूवर भागणार नाही, सतत काहीतरी वाढवायलाच हवं. ही समजूत चौथ्या वर्षापासून घरात असेल, तर ती मोडायला थोडा वेळ लागेल. एक मदत लगेच करता येते: झोप. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा आहे, आणि त्याबद्दलचा पुरावा कुठल्याही पट्ट्यापेक्षा भक्कम आहे. तो किती झोपतो ते पाहा, आणि कमी पडत असेल तर त्याच्या वेळापत्रकातलं काय कमी करायचं हे त्यालाच निवडू द्या.

हक्काबद्दल तुम्ही विचारलंत. सोळाव्या वर्षी, पुरावा इतका अपुरा असताना, पट्टा बंद करायला सांगायचा हक्क तुम्हाला आहे. कारण मात्र त्याच्यापुढे ठेवा आणि मुदतही सांगा: अठरा पूर्ण होईपर्यंत नको, त्यानंतर निर्णय तुझा. पट्टा मित्राचा आहे, तो त्यानंच परत करू दे. बदल्यात तुम्हीही एक कबूल करा: त्याचं लक्ष, मेंदू, स्मरणशक्ती वाढवण्यासाठी म्हणून कुठलाही नवीन वर्ग, शिबिर, गोळी, चाचणी त्याच्या होकाराशिवाय सुरू होणार नाही. हा करार एकतर्फी असेल तर तो पाळला जाणार नाही.

तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा, की त्यांची काळजी योग्य आहे, कारण मात्र चुकीचं आहे. "मेंदूला हात लावायचा नाही" हे तत्त्व घरात रुजलं, तर उद्या त्याच मुलाला नैराश्यावर औषध लागलं किंवा घरात कुणाला कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची वेळ आली, तेव्हा उपचारच नाकारले जातील. मेंदूवरच्या उपचारांचा इतिहास काळजी करावी असा आहे हे मात्र खरं. लोबोटॉमीसाठी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, १९४९ साली नोबेल पारितोषिक दिलं गेलं, आणि त्या शस्त्रक्रियेनं हजारो लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त केली. त्यातल्या अनेकांची संमती घेतलेलीच नव्हती. त्या इतिहासातून "संमती घ्या, पुरावा मागा" हे शिकावं.

आणखी काही पालकांनी शाळेत लक्ष मोजणाऱ्या पट्ट्यांबद्दल विचारलंय. ते पट्टे वीज सोडत नाहीत, मेंदूतले विद्युतसंकेत टिपतात. त्यांच्याबाबत मला धोका वेगळा दिसतो: मुलाचं लक्ष कुठे आहे याची नोंद दुसऱ्याच्या हाती जाते. शाळेला लेखी विचारा, की ही नोंद कुठे साठते, कोण पाहतं, ती पुसता येते का, आणि मूल नको म्हणालं तर त्याच्यावर काही परिणाम होतो का. चिलीनं २०२१ साली मेंदूच्या हालचालींना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला थेट राज्यघटनेत संरक्षण दिलं. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा यंत्रांच्या एका कंपनीला, एका माजी सिनेटरच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसून टाकायला लावली. म्हणजे असे प्रश्न विचारणं हा काही अतिरेक नाही.

तुमच्या मुलाचं कुतूहल अठराव्या वर्षीही टिकून असेल, तर त्याला एखाद्या विद्यापीठातल्या किंवा रुग्णालयातल्या, नीतिसमितीची मंजुरी असलेल्या प्रयोगात स्वयंसेवक म्हणून नाव द्यायला सांगा. तिथे फिट किंवा इतर आजार आहेत का हे आधी तपासतात, प्रवाह बहुधा एक-दोन मिलिअँपिअरच्या आत ठेवतात, धोके लिहून देऊन सही घेतात, आणि प्रयोग चालू असताना कारण न सांगता उठून जाता येतं.